स्मृतिभ्रंश आणि घरातले जुने फोटो: कोणते निवडावेत, कसे छापावेत, कसे दाखवावेत

गॅलरीतली तुळस | सोमवार, सकाळी १०:१२

अल्झायमरच्या मुख्य धाग्यात जुन्या फोटोंबद्दल अधूनमधून कुणीतरी विचारतं आणि तो प्रश्न औषधांच्या चर्चेत वाहून जातो. म्हणून हा स्वतंत्र धागा. फोटोंचं जतन, छपाई, शुश्रूषा यातलं ज्यांना कळतं त्यांनी भर घालावी.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. फोटो समोर धरून "ओळख बघू, कोण आहे?" किंवा "आठवतं का गं, हे कुठलं?" असं विचारू नका. घरोघरी हे प्रेमापोटीच विचारलं जातं, पण चेहऱ्यावरून नाव काढणं ही या आजारात लवकर अवघड होणारी गोष्ट आहे. समोरचा चेहरा आपला वाटतो, त्याच्याबद्दल माया वाटते, आणि तरी नाव जिभेवर येत नाही. चार माणसांसमोर चुकलं की शरम वाटते. प्रश्न पाच मिनिटांत विसरला जातो, पण वाईट वाटणं मागे राहतं, आणि पुढच्या वेळी अल्बम नुसता दिसला तरी हात झटकला जातो.

त्याऐवजी माहिती आपण सांगायची आणि त्यांना बोलायला जागा ठेवायची. "हा मावशीच्या लग्नातला फोटो. पंगत केवढी मोठी आहे!" एवढं बोलून दहा-पंधरा सेकंद गप्प बसा. मनात आकडे मोजा. उत्तर जुळून यायला तेवढा वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदाला पुढचं वाक्य टाकलं की जुळत आलेलं मोडतं. उत्तर चुकीचं आलं तरी दुरुस्त करू नका. धाकट्या बहिणीला त्या आई म्हणाल्या तर "आईचं लुगडं छान आहे, नाही?" म्हणा आणि पुढे चला. फोटो हातात असताना दोन घटका बरं वाटावं, एवढंच आपल्याला साधायचं आहे.

आता निवड. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी आयुष्यभर सर्वांत घट्ट राहतात, आणि या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं उशिरा. म्हणजे १९४६ चा जन्म असेल तर १९५६ ते १९७६ या काळातले फोटो पहिल्यांदा शोधायचे. घोटाळा असा की घरात ढिगाने असतात ते १९९० नंतरचे: बारशी, वाढदिवस, सहली. सत्तरच्या आधीचे मोजकेच सापडतात. स्टुडिओत काढलेला एखादा, लग्नातले पाच-सहा, शाळेचा गट, ओळखपत्रावरचा. हे मोजके फोटोच जास्त कामाचे.

उरलेली जागा वस्तूंच्या आणि ठिकाणांच्या फोटोंनी भरा. पितळी स्टोव्ह, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, आरेच्या दुधाची काचेची बाटली, राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवेसमोर फोटोवाले काढतात तशी पोज. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. तेव्हा जो पंधरा-वीस वर्षांचा होता त्याच्याशी ट्रामवर बराच वेळ बोलता येतं. वस्तूच्या फोटोत ओळखण्याचं ओझं नसतं आणि हात आपोआप बोलायला लागतात. स्टोव्हला पंप कसा मारायचा, पिन कशी घालायची, हे करून दाखवलं जातं. हातांची सवय शब्दांच्या नंतर जाते.

एकूण १२ ते १५ फोटो. जास्त नकोत. एका बैठकीत पाच-सहा पुरतात.

पाऊसपाणी | सोमवार, सकाळी ११:०५

तुळसताई, धागा काढलात हे फार बरं झालं. दोन शंका. बैठक कधी घ्यायची? आणि फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेत, पावसाळ्यात काही एकमेकांना चिकटलेत, ते कसे सोडवायचे?

गॅलरीतली तुळस | सोमवार, दुपारी १२:३०

वेळ: सकाळी चहा-नाश्ता, अंघोळ उरकल्यावर दहा-अकराच्या सुमारास. किंवा दुपारच्या झोपेनंतर चारच्या आत-बाहेर. दिवेलागणीला नको. त्या वेळी बऱ्याच जणांची घालमेल वाढते आणि फोटो तिला खतपाणी घालतात. १५ ते २० मिनिटं, त्याआधीच नजर दाराकडे जायला लागली तर तिथेच थांबा.

बसायच्या आधी चष्म्याची काच पुसा. हे हसण्यावारी नेऊ नका, "त्यांना आता फोटो समजत नाहीत" याचं कारण कधीकधी नुसता काचेवरचा तेलकट डाग असतो. कानाचं यंत्र लावलेलं आणि चालू असावं. टीव्ही बंद, पंखा हळू (पानं फडफडली की लक्ष जातं). समोर बसू नका, शेजारी बसा, म्हणजे दोघंही एकाच बाजूने फोटो बघतात. अर्धांगाचा झटका येऊन गेला असेल आणि डावीकडचं लक्षात येत नसेल तर फोटो उजव्या बाजूला धरा.

एका वेळी टेबलावर एकच फोटो. बाकीचे पिशवीत, नजरेआड.

चिकट अल्बमचं जाणकारांनी सांगावं.

सिल्व्हर ब्रोमाइड | सोमवार, दुपारी ३:४७

चिकट पानांचे अल्बम ऐंशीच्या दशकात घरोघरी आले. पुठ्ठ्यावर डिंकाच्या रेघा आणि वरून प्लास्टिकचा पापुद्रा. हा डिंक काळाने पिवळा पडतो आणि घट्ट होतो. फोटो ओढायचा प्रयत्न केला तर मागचा कागद फाटतो किंवा फोटोला कायमची घडी पडते.

क्रम असा ठेवा.

पहिलं, पान आहे तसंच मोबाइलवर टिपून घ्या. सोडवताना काही बिघडलं तर निदान प्रत हातात राहते. शेजारी कुणी काही लिहिलं असेल तर तेही टिपलं जातं.

दुसरं, प्लास्टिक हळू उचला. मग दात साफ करायचा मेण नसलेला दोरा साधारण फूटभर घ्या, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळा आणि फोटोच्या एका कोपऱ्यामागून करवतीसारखा पुढे-मागे सरकवत न्या. दोरा पुठ्ठ्याकडे दाबायचा, फोटोकडे नाही. निघतच नसेल तर केस वाळवायचं यंत्र सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूने काही सेकंद फिरवा आणि पुन्हा प्रयत्न करा. फोटोच्या चेहऱ्यावर गरम हवा मारायची नाही, थर मऊ होतो.

तिसरं, तरीही नाही निघाला तर सोडून द्या. अल्बममध्येच स्कॅन करा. आपल्याला हवी आहे ती प्रत, मूळ फोटो कुणाच्या हातात द्यायचाच नाही.

एकमेकांना चिकटलेले फोटो: वरचा जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ होऊन चिकटतो. जुलै-ऑगस्टात मुंबईत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला ६५-७० पुरते. रसायनाने धुतलेला जुना स्टुडिओ प्रिंट असेल तर साध्या तापमानाच्या शुद्ध पाण्यात (बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड) भिजवून वेगळा होऊ शकतो. अर्धा तास ठेवा, बोटाने जोर न लावता सरकतो का बघा, नाही तर आणखी थोडा वेळ. वेगळा झाला की चेहरा वर करून टीपकागदावर वाळवा, उन्हात नाही, पंख्याखाली नाही. मात्र तीन प्रकार पाण्यात कधीही घालू नका: मागे शाईने लिहिलेला, हाताने रंगवलेला, आणि घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेला. आणि बुरशीने थर आधीच पावडरीसारखा सुटत असेल तर पाणी लागताच चित्र वाहून जाईल. तो जतनाचं काम करणाऱ्याकडेच न्या.

काचेला चिकटलेला तसबिरीतला फोटो घरी सोडवू नका. काचेसकट स्कॅन करा, काचेतून बहुतेक वेळा उत्तम येतो.

मागे लिहायचं झालं तर मऊ शिसपेन्सिल, २बी. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. ऐंशीनंतरच्या गुळगुळीत पाठीच्या फोटोवर पेन्सिल उठत नाही, त्यासाठी वेगळी चिठ्ठी करून पाकिटात ठेवा.

फोर्टचा छापखाना | सोमवार, संध्याकाळी ६:२०

स्कॅनिंगचं गणित लिहून ठेवतो, कारण यात फसगत फार होते.

छापताना इंचाला ३०० ठिपके (डीपीआय) हवेत. फोटो जेवढा आहे तेवढाच छापायचा तर ३०० डीपीआयला स्कॅन पुरे. दुप्पट करायचा तर ६००. साध्या बॉक्स कॅमेऱ्यातल्या १२० फिल्मचे सव्वादोन इंची चौकोनी कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हच्याच आकाराचे छाप) घरोघरी असतात. ते ६०० ला स्कॅन केले तर १३५० ठिपके मिळतात, म्हणजे जेमतेम साडेचार इंच. १२०० ला केलेत तर २७००, म्हणजे नऊ इंच. ओळखपत्राच्या फोटोलाही १२००. त्यापुढे जाऊन उपयोग नाही, कागदाचा पोतच दिसायला लागतो. स्टुडिओवाल्याला "मोठा करून द्या" एवढंच सांगू नका, आकडा सांगा.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो. खिडकीजवळ टेबल, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, फोटोखाली पांढरा कागद, मोबाइल फोटोला अगदी समांतर. चकाकी येत असेल तर गुगलचं फोटोस्कॅन ॲप चार कोपऱ्यांवरून चार वेळा टिपून चकाकी काढतं.

सत्तर-ऐंशीतले रंगीत फोटो लालसर झालेले असतात, कारण त्यातला निळसर-हिरवा रंग अंधारात ठेवूनही आधी उडतो. कुठल्याही साध्या ॲपमध्ये लाल थोडा कमी, निळसर-हिरवा थोडा वाढवला की चेहऱ्याला त्वचेचा रंग परत येतो.

छपाई: एका पानावर एक फोटो, लांब बाजू किमान आठ इंच. कागद मॅट. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो आणि चेहरा त्याखाली जातो. लॅमिनेशनही मॅटच सांगा. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाउच बहुधा चकचकीतच असतो, तेव्हा आधी विचारा. १२५ मायक्रॉन जाडीचा पाउच असला की पान हातात ताठ राहतं. कोपरे गोल कापून घ्या, टोकदार कोपऱ्याने वयस्कर कातडी सहज सोलते. मूळ फोटो कधीही लॅमिनेट करायचा नाही, नंतर तो सोडवता येत नाही.

बाइंडिंग स्पायरल करा, पान पूर्ण मागे वळतं. पण माझं मत विचाराल तर बांधूच नका, सुटी पानं डब्यात ठेवा. एखादा फोटो त्रास देतोय असं दिसलं की काढून टाकता येतो.

अबोली | सोमवार, रात्री ९:१५

छापखानावाल्यांच्या मॅट कागदाला जोरदार अनुमोदन, आणि त्यामागचं कारण. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे निळा, जांभळा, करडा हे रंग एकमेकांत मिसळतात. अल्झायमरमध्ये शिवाय उजेड-अंधारातला बारीक फरक कळणं कमी होतं. म्हणून जुन्या धुरकट फोटोचा कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून छापा आणि भोवती दोन बोटं पांढरी पट्टी सोडा. नक्षीच्या चादरीवर फोटो ठेवून दाखवू नका, साध्या एकरंगी टेबलावर ठेवा.

चेहरा प्रिंटवर किमान चार-पाच सेंटिमीटर उंच असावा. लग्नातला चाळीस माणसांचा गट दाखवून काही साधत नाही. स्कॅन करून त्यातली दोन-तीन माणसं कापून वेगळी छापा. आणि लग्नाचा फोटो निवडताना मुंडावळ्या बघा! कपाळ आणि कानशिलं त्यांनी झाकली जातात, चेहरा अर्धाच उरतो. सत्काराच्या वेळचा किंवा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला जोडफोटो जास्त चांगला ओळखू येतो.

आता दुसरी बाजू. स्मृतिभ्रंश हा एक आजार नाही, आणि सगळ्यांना फोटो चालत नाहीत. मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होणाऱ्या प्रकारात डोळे ठणठणीत असूनही चित्र एकसंध दिसत नाही. नाक दिसतं, साडीचा काठ दिसतो, माणूस दिसत नाही. तिथे फोटोचा आग्रह म्हणजे छळ. शब्दांचे आणि चेहऱ्यांचे अर्थच पुसले जाणारा एक प्रकार असतो, त्यातही फोटो कोरे वाटतात. अशा वेळी आवाज, स्पर्श, वास: शेवंतीची वेणी, धुपाटणं, इरकलीचा काठ.

लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसं दिसण्याचा त्रास असतो. त्यात, आणि पुढच्या टप्प्यातल्या अल्झायमरमध्येही, फोटोतला माणूस खराच खोलीत आहे असं वाटू शकतं. भिंतीवरच्या मोठ्या तसबिरीला कुणी ताट वाढायला निघालं, किंवा तिच्यासमोर कपडे बदलायला लाजू लागलं, तर ती तसबीर खाली उतरवायची वेळ झाली असं समजा. आरशाचंही तेच. "ती म्हातारी कोण?" असा प्रश्न आला की आरसा झाका.

पाऊसपाणी | मंगळवार, सकाळी ८:५०

तसबिरीवरून विचारते. बऱ्याच मराठी घरांत गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो हॉलमध्ये दारावरच असतो. तो रोज दिसतो आणि रोज "हे गेले? कधी?" असं होतं. तो काढून टाकणं बाकीच्यांना अपमान वाटतं. काय करायचं?

मावशींची डायरी | मंगळवार, सकाळी १०:३०

(घरी राहून काळजी घेणाऱ्या मावशींना शिकवते, म्हणून हा प्रश्न नेहमीचा.)

हार हीच गोष्ट "गेले" असं सांगते. चंदनाचा हार, वरचा लाल दिवा, गंधाचा टिळा हे सगळं न बोलता बातमी देत असतं, आणि ज्याला ती बातमी लक्षात राहत नाही त्याला ती दर वेळी नव्याने कळते. दर वेळी तेवढंच रडू.

तेव्हा फोटोचे दोन भाग करा. हाराची तसबीर देवघराच्या खोलीत किंवा जिथे त्यांचं येणं-जाणं नाही तिथे न्या. पितृपक्षात, पुण्यतिथीला बाहेर काढा. अपमान होत नाही, जागा बदलते. आणि त्याच माणसाचा तरुणपणचा, हार-टिळा नसलेला फोटो छापून फोटोंच्या डब्यात ठेवा. हारामागून काढलेली प्रत वापरू नका, कागदावर गंधाचे डाग असतात आणि फुलांच्या पाण्याने कडा उडालेल्या असतात. वेगळा फोटो शोधा.

"हे कुठे आहेत?" असं विचारलं तर लगेच "ते बाहेरगावी गेलेत" म्हणायची घाई नको. आधी भावना पकडा: "आठवण येते ना त्यांची? त्यांना काय आवडायचं जेवायला?" बहुतेक वेळा बोलणं तिकडे वळतं.

गॅलरीतली तुळस | मंगळवार, दुपारी १:१०

इथे थोडी पुस्ती जोडते. कुणी डोळ्यांत डोळे घालून, शांतपणे, "ते गेले का?" असं थेट विचारलं तर खोटं बोलू नये असं माझं ठाम मत आहे. काहींना आतून माहीत असतं आणि फक्त खात्री हवी असते. अशा वेळी "हो, गेले. तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होतात," (खरं असेल तरच) एवढं सांगून हात धरून बसा. पण तोच प्रश्न दिवसातून दहा वेळा घाबऱ्या आवाजात येत असेल तर डायरीताईंची रीत. दोन्हींतला फरक शब्दांत नसतो, चेहऱ्यावर असतो.

आता मथळ्यांबद्दल. वाचता येणं हे बोलता येण्यापेक्षा बऱ्याचदा जास्त टिकतं. वाचा-भाषातज्ज्ञ मिशेल बुर्जुआ यांनी १९९० मध्ये याच आधारावर छोट्या स्मृतिवह्या वापरून दाखवल्या: एका पानावर एक चित्र आणि एक साधं वाक्य, त्या माणसाच्याच तोंडचं. त्याने संभाषण सावरलं जातं. मराठी घरात हे करताना नावांचा पेच येतो.

एक, लग्नात नाव बदललेल्या बाई आजार वाढल्यावर माहेरच्या नावालाच "ओ" देऊ लागतात. लग्नाआधीच्या फोटोखाली माहेरचं नावच लिहा.

दोन, त्या पिढीतल्या कित्येक बायकांनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलेलं नाही. फोटोखाली पूर्ण नाव लिहिलंत तर ते परक्या माणसाचं वाटतं. "आमचे हे. माटुंग्याच्या घरी." असं लिहा.

तीन, नातं त्यांच्या बाजूने लिहायचं. नातवाने मथळा लिहिला की "आजोबांचे भाऊ" होतं. आजीसाठी ते "भावजी" आहेत.

चार, ठिकाणाचं नाव त्यांच्या काळचं. मुंबईतल्या मोठ्या रेल्वे स्टेशनचं १९९६ नंतरचं आणि २०१७ नंतरचं नाव बरोबर असलं तरी त्यांच्या तोंडी व्ही.टी. आहे. तेच लिहा.

अक्षर जाड, काळं, पांढऱ्यावर, निदान २८ पॉइंट. वाक्य आठ-दहा शब्दांच्या आत.

परळ नाका | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

पुनर्विकासाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गिरणगावातल्या चाळीतून माणूस टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर जातो, मध्ये दोन-तीन वर्षं संक्रमण शिबिरात. ज्याला स्मृतिभ्रंश आहे त्याच्यासाठी हे मोठं संकट असतं आणि "घरी जायचंय" सुरू होतं. जुन्या खोलीचा फोटो शोधावा तर सापडत नाही, कारण खोलीचा फोटो कुणी काढलेलाच नसतो. मागे दिसते तेवढीच.

ज्यांची इमारत रिकामी व्हायची आहे त्यांनी सामान बांधायच्या आधी हे काढून ठेवावं: बाहेरून दार (पाटी आणि उंबऱ्यासकट), दारातून दिसणारी पूर्ण खोली, मोरी, ओटा, देव्हारा, पलंगावर पडून छताकडे बघितल्यावर जे दिसतं ते, गॅलरीतून रस्ता, जिना खालून आणि वरून, सामाईक नळ. कॅमेरा आजारी माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. ते बहुतेक वेळ खुर्चीत बसत असतील तर बसून काढा. नव्या घरात पलंग-देव्हारा-खुर्ची याच फोटोवरून त्याच दिशांना लावा. खोलीच्या दारावर त्यांचं नाव आणि तरुणपणचा फोटो, डोळ्यांच्या उंचीला. आताचा फोटो काही जणांना परका वाटतो.

गॅलरीतली तुळस | मंगळवार, रात्री ८:२५

फार मोलाचं लिहिलंत, परळ नाका. एक सावधगिरी: चाळीचा फोटो सकाळी दाखवा, संध्याकाळी नाही. दिवेलागणीला तोच फोटो चपला घालायला लावतो. आणि "घरी जायचंय" म्हणजे नेहमी ती खोली नसते. बऱ्याचदा लघवीला लागलेली असते, भूक असते, कुठे दुखत असतं. ते आधी बघा, मग फोटो.

गिरणी कामगारांच्या घरात १९८२ च्या संपाच्या आसपासचे फोटो दाखवताना जपून. अभिमान आणि जखम एकाच फोटोत असते. पुरुष रडले तर घाबरू नका, फोटो हिसकावू नका. रडू शांत असेल तर रडू द्या. श्वास जोरात व्हायला लागला, मुठी वळल्या, तर फोटो पालथा न घालता बाजूला ठेवा आणि हातात दुसरं काही द्या. भुईमुगाच्या शेंगा सोलायला दिल्या तरी चालतात.

कोकणकडा | बुधवार, सकाळी ९:००

माहितीपूर्ण धागा. डिजिटल फ्रेम घ्यावी का? आणि हल्ली कृष्णधवल फोटो रंगीत करून देतात, चेहरा स्पष्ट करून देतात, त्याचा उपयोग होईल?

फोर्टचा छापखाना | बुधवार, सकाळी ११:२५

चेहरा "स्पष्ट" करणारी ॲप चेहरा अंदाजाने नव्याने रंगवतात. डोळे मोठे, कातडी गुळगुळीत, दात एका ओळीत. आपल्याला तो छान वाटतो, पण ज्याला आधीच ओळखायला त्रास आहे त्याच्यासमोर आपण अनोळखी माणूस ठेवतो. करू नका. रंगवण्याचंही तेच: शालू हिरवा होता आणि यंत्राने जांभळा केला, तर "हा माझा शालू नाही" हे तिला बरोबर कळतं आणि चूक तिच्या माथी बसते. कॉन्ट्रास्ट, लालसरपणा, ओरखडे, एवढंच दुरुस्त करा. कृष्णधवल फोटो त्यांनी आयुष्यभर कृष्णधवलच पाहिलेला आहे.

अबोली | बुधवार, दुपारी १२:१०

फ्रेमबद्दल: दर पाच सेकंदांनी चित्र बदलत असेल तर ती गोंधळच वाढवते. घ्यायचीच तर एक फोटो किमान मिनिटभर, सरकणं-विरघळणं हे परिणाम बंद, रात्री आपोआप बंद होण्याची वेळ लावलेली. माझं झुकतं माप कागदालाच, कारण तो हातात धरता येतो, बोट फिरवता येतं.

मोबाइलवरचं एक साधं काम मात्र आज करा. त्यांच्या फोनमध्ये घरच्यांच्या नावापुढे चेहऱ्याचे फोटो लावा. व्हॉट्सॲपवर मुलाने डीपीला गणपती किंवा फुलं लावली की फोन कुणाचा ते कळत नाही.

मावशींची डायरी | बुधवार, दुपारी ४:००

मुंबईत ब्युरोतून आलेल्या मावशी काही महिन्यांनी बदलतात, आणि दिवसातले बारा तास त्याच सोबत असतात. तेव्हा फोटोंची माहिती घरच्यांच्या डोक्यात असून भागत नाही. प्रत्येक पानाला क्रमांक द्या आणि प्रत्येकाच्या मागे चार ओळी लिहा: कोण आहे (त्या कोणत्या नावाने हाक मारतात), हयात आहे की नाही, कोणता विषय काढला की कळी खुलते, काय बोलायचं नाही. उदाहरण:

"क्र. ७. थोरला भाऊ, 'दादा'. हयात नाही, आपणहून सांगू नये. विषय: पोहणं, चौपाटी. वाटणीबद्दल बोलू नये."

शेवटच्या ओळीत घरातलं भांडण मांडू नका, विषयाचं नाव पुरे. मावशींना मराठी वाचता येत नसेल तर तेच मोबाइलवर बोलून द्या.

सोबत दोनशे पानी वही. तारीख, क्रमांक, त्या काय बोलल्या (त्यांच्याच शब्दांत), चेहरा कसा होता. महिन्याभरात दिसतं की क्र. ३ आणि ११ नेहमी चालतात, ९ ला दर वेळी उठून जातात. ९ काढा. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा दाखवून बघा.

आणि त्यांचे फोटो मावशींच्या फोनमधून स्टेटसवर जाणार नाहीत हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या, गोड शब्दांत पण स्पष्ट.

कोकणकडा | बुधवार, संध्याकाळी ६:१५

याने आजार थांबतो का, हे एकदा स्पष्ट लिहाल का? नातेवाइकांच्या अपेक्षा फार असतात.

गॅलरीतली तुळस | बुधवार, रात्री ९:४०

नाही, थांबत नाही. आठवणींना उजाळा देण्याच्या पद्धतीवर २०१८ मध्ये कॉक्रेनचा (वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था) आढावा आला, २२ चाचण्यांचा. जीवनमान, संवाद, आकलन, मनःस्थिती यांवर काही चांगले परिणाम दिसले, पण ते लहान होते आणि कुठे, कशा पद्धतीने केलं त्यावर बदलत होते. म्हणून याकडे उपचार म्हणून नको, दिवसातला चांगला पाव तास म्हणून बघा. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत रुग्ण आणि काळजी घेणारे अशा जोडीने घेतलेल्या गटसत्रांनंतर काळजी घेणाऱ्यांचीच चिंता वाढलेली दिसली. तेव्हा मुलीला किंवा सुनेला फोटो बघताना स्वतःलाच भरून येत असेल तर तिने बसलंच पाहिजे असं नाही. नातवंडं किंवा शेजारच्या काकू बसल्या तरी चालतं.

निदानच झालं नसेल तर आधी डॉक्टरांकडे. विसरण्यामागे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य अशी बरी होणारी कारणंही असतात. ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ या सरकारी हेल्पलाइन मोफत आहेत. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून याच कामात आहे.

पाऊसपाणी | गुरुवार, सकाळी ९:२०

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: दवाखान्यात दाखल करावं लागलं तर फोटोंचा डबा न्यावा का?

मावशींची डायरी | गुरुवार, सकाळी १०:०५

डबा नको, हरवतो. ए-फोर आकाराचा एकच कागद करून ठेवा, आजच, घाईत होत नाही. वर त्यांचा एक फोटो, खाली तीन माणसांचे चेहरे, भेटायला येणारेच. शेजारी: हाक कोणत्या नावाने मारायची, भाषा, चष्मा आणि कानाचं यंत्र आहे का, चहात साखर किती, घाबरल्यावर कशाने शांत होतात, दुखत असेल तर कसं कळतं. पलंगाच्या पायथ्याला चिकटपट्टीने लावा, म्हणजे नर्सला दिसतो. दोन प्रती फाइलमध्ये.

त्याच फोल्डरमध्ये गेल्या तीन महिन्यांत काढलेला एक पूर्ण उभा फोटो ठेवा, चपलांसकट. एकट्या बाहेर पडल्या आणि ११२ ला कळवावं लागलं तर पोलिस पहिल्यांदा हाच मागतात, आणि त्या क्षणी फोनमध्ये सापडतात ते फक्त लग्नातले शालू नेसलेले.

सिल्व्हर ब्रोमाइड | गुरुवार, सकाळी ११:३०

आणि मूळ फोटो परत अल्बममध्ये कोंबू नका. प्रत्येकाला आम्लविरहित कागदाचं पाकीट, पाकिटं हवाबंद डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, त्या भिंतीला पावसात ओल येते. रंग बदलणारी पुडी घ्या. रंग बदलला की पुडीवर लिहिल्याप्रमाणे गरम करून वाळवा आणि पुन्हा ठेवा. जूनच्या आधी एकदा, मग सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी बघा.